पेढे नकोत, खिडकी पाडा

माझी नोकरी थुंकीची होती. फराळाचं ताट शेजारी घेऊन हा अंक वाचायला बसला असाल, तर आधी चकली संपवा आणि मग पुढे वाचा. महापालिकेच्या क्षयरोग विभागात मी घरोघर फिरणारी आरोग्यसेविका होते. बरेच दिवस खोकणारं माणूस दिसलं की त्याला गाठायचं, हातात झाकणाची डबी द्यायची आणि सांगायचं, की सकाळी चहाच्या आधी छातीतून खोल खाकरून यात थुंका. लाळ नको, बेडका हवा. हे एक वाक्य मी जितक्यांदा बोलले तितक्यांदा माझ्या मुलाला ‘जेवलास का’ असंसुद्धा विचारलं नसेल.

टीबी बरा होतो. अट एकच, गोळ्या ठरलेले महिने एकही खाडा न करता घ्यायच्या. पण दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मूठभर मांस चढतं आणि माणसाला वाटतं, झालो बरा. तिथेच घात होतो. अर्धमेला जंतू शहाणा होऊन परत येतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून गोळ्या वाटणं हे आमचं काम नव्हतंच, त्या समोर उभं राहून गिळायला लावणं हे काम होतं. चांगले मिशाळ बाप्ये माझ्यापुढे बालवाडीतल्या पोरांसारखे आ करून जीभ वर करायचे. तरी काही जण गालफडात गोळी दडवायचे, मी वळले की नाल्यात.

त्या गोळ्यांमधल्या एकीने लघवी नारिंगी होते. कोण फसवतंय ते कळायला आम्हाला त्याचा मोठा आधार. चाकणला रात्रपाळी करणारा एक वेल्डर होता, तो महिनाभर मला रोज छान नारिंगी बाटली दाखवायचा आणि इकडे वजन उतरत चाललेलं. एक दिवस मी बाटलीचं बूच काढून वास घेतला. संत्र्याच्या सरबताच्या पुडीचा वास. मी म्हटलं, सरबतच आहे ना भाऊ, मग माझ्यासमोर पी. त्याने ती पुडी घाईघाईत कशात मिसळली होती ते त्याचं त्याला ठाऊक, पण प्यायला काही तो तयार होईना. त्या दिवसापासून मुकाट्याने गोळ्या गिळू लागला.

दुसरं गिऱ्हाईक मोठ्या घरचं. जुन्या गावठाणातलं घराणं, दारात दोन गाड्या, गोठा अजून राखलेला. घरच्या कर्त्या मुलाला, सगळे त्याला भाऊ म्हणायचे, टीबी निघाला. त्याच्या आईने मला फाटकातच अडवलं. “आमच्यात असलं रोग न्हाईत, तुमी झोपडपट्टीत जावा,” म्हणाली. मी म्हटलं, आई, जंतूला सातबारा वाचता येत नाही. शेवटी तह असा ठरला की मी साड्या विकणारी बाई म्हणून यायचं. मग मी घरातल्याच चार साड्या एका चौकड्याच्या चादरीत बांधल्या आणि ते गाठोडं काखेला मारून त्या बंगल्यात जाऊ लागले. वरच्या खोलीत साड्या पसरायच्या आणि भाऊंना गोळ्या गिळायला लावायच्या. शेजारणी त्यांच्या आईला विचारायच्या, रोज साडीवाली येते, मग तुम्ही नेसता कधी? भाऊ खडखडीत बरे झाले, पुढे नगरसेवक झाले, आता माजी आहेत. त्यांचं नाव मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही. गाठोडं मात्र लक्षात ठेवा, ते पुन्हा लागणार आहे.

माझ्या कामाचा सगळ्यात मोठा तुकडा भट्टी वसाहत. कासारवाडी स्टेशनच्या पुढे, रुळांच्या कडेने. कधी काळी तिथे वीटभट्ट्या होत्या, त्या गेल्या आणि कामगार राहिले. आधी पत्रे, मग विटा, मग वर आणखी एकेक खोली. घरांची तोंडं आतल्या बोळात, हंडा घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागायचं. पाठ रुळांकडे, आणि पाठीची भिंत सगळी आंधळी. वारा यायचा तो फक्त रुळांकडून, आणि त्यालाच कुणी आत घेत नव्हतं. चोर येतात, धूळ येते, दारुडे डोकावतात, पोरी अंघोळ करतात, कारणं सगळी खरी होती. पण टीबीचा जंतू उन्हावाऱ्यात मरतो आणि कोंदट खोलीत तासन् तास तग धरून राहतो. एकाला बरं करून मी खाली उतरायचे, तोवर वरच्या खोलीत दुसरा खोकायला लागलेला असायचा.

तिथे मला गयाबाई भेटली. जालन्याकडून पोटासाठी आलेलं बौद्ध कुटुंब, नवरा एका कंपनीत हेल्पर, ती कॅन्टीनमध्ये भांडी घासायची. तोंडात सदा मिश्री. मी तिला थुंकू नका म्हणून जितकं रागावले तितकं दुसऱ्या कुणालाच नाही. पण गोळ्यांच्या बाबतीत बाई चोख, एक दिवस चुकली नाही. शेवटची गोळी गिळली त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मी म्हटलं, “पेढे नकोत. मागच्या भिंतीला खिडकी पाडा.” तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी पेढ्याला हात लावला नाही. आठवड्याभरात तिच्या नवऱ्याने भंगारातल्या अँगलची चौकट जोडली, गज बसवले आणि रुळांकडच्या भिंतीला पहिली खिडकी पडली. मग ते पेढे आम्ही त्या खिडकीशी उभ्या राहून खाल्ले.

पुढे वस्तीत ती रीतच पडून गेली. ज्याच्या गोळ्या संपल्या त्याने खिडकी पाडायची आणि तिच्याशी उभं राहून पेढे वाटायचे. कुणी नारळ फोडायचं, कुणी मेणबत्ती लावायचं, ज्याचं त्याचं. सगळ्या बोळाला कळायचं की या घरातला आजार गेला. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा आधी मागची खिडकी बघायचे. मी निवृत्त झाले तेव्हा त्या भिंतीला इकडून तिकडे खिडक्या होत्या, वेड्यावाकड्या, एक वर एक खाली, एकीचं माप दुसरीला लागू नाही. लोकलमधून जाताना मी त्या खिडक्या माझ्या मुलाला दाखवायचे. त्याला त्यात बघण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे ताथवड्याला राहायला आले. तो तळवड्याला आयटीत आहे. आमच्या सोसायटीत बायकांचा एक ग्रुप आहे, त्याला सतत काहीतरी ॲक्टिव्हिटी लागते. एकदा फोनवर निरोप आला की रविवारी सकाळी ‘रंगवाट’ इथे आर्ट वॉक, टोपी आणि पाण्याची बाटली आणावी. नकाशा उघडून बघते तर बाण थेट भट्टी वसाहतीवर टेकलेला. जिथे यायचं म्हटलं की आमच्या जीपचा ड्रायव्हर तोंड वाकडं करायचा तिथे या बाया हौसेने निघाल्या होत्या. मी नाव नोंदवलं.

वस्तीच्या तोंडाशी कमान, कमानीवर नवं नाव. भट्टी हा शब्द कुठेच नाही. काळ्या टी-शर्टातली एक गोड मुलगी आम्हाला फिरवणार होती. तिने सुरुवातीलाच सांगितलं की इथले लोक खूप प्रेमळ आहेत, त्यांना हसून नमस्कार करा. जसं काही आम्ही पेशवे उद्यानात पिंजऱ्यातले प्राणी बघायला आलो होतो. आमच्यातल्या एकीने कमानीतच हाताला सॅनिटायझर चोळलं आणि मग नमस्कार करायला सुरुवात केली.

पहिल्याच भिंतीवर निळाभोर देवमासा होता, दोन घरांवर पसरलेला. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड येतं तिथे देवमासा. पुढे अंतराळवीर, त्याच्यापुढे पंखांचा हत्ती. मुलगी म्हणाली, ही वस्तीची स्वप्नं आहेत. मी त्या घरांच्या उंबऱ्यांवर वर्षानुवर्षं बसले, कुणाच्या स्वप्नात देवमासा आल्याचं मला कुणी सांगितलं नाही. त्यांच्या स्वप्नात नळ यायचा. ज्या दारावर हत्ती काढला होता त्या घरातली बाई दाराबाहेर भांडी घासत होती, तिला मुलीने जरा बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत भांडी येत होती म्हणून. ती उठली, बाजूला झाली आणि फोटो झाल्यावर परत येऊन घासायला बसली. तिला सवय झालेली दिसली.

खोटं कशाला बोलू, नाला झाकलेला होता. बोळात दिवे लागले होते, कचऱ्याचा ढीग हटला होता. मी इतकी वर्षं अर्ज करकरून जो नाला झाकला गेला नाही तो पाहुणे येणार म्हणताच झाकला गेला. म्हणजे करता येत होतं, आणि मला जास्त राग त्याचा आला.

मग मुलगी आम्हाला रुळांच्या बाजूला घेऊन गेली. म्हणाली, आता आपला मास्टरपीस. कुंपण आणि वस्तीची पाठ यांच्यामध्ये पायवाटेएवढी जागा आहे, तिथे उभं राहून आम्ही माना वर केल्या. सबंध भिंतभर एका म्हातारीचा चेहरा, दोन मजले उंच, गाडीतून जाणाऱ्यांनाही दिसावा असा. हसणारी, सुरकुत्यांची, नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ आणि कपाळावर रुपयाएवढं म्हणवणार नाही, परातीएवढं कुंकू.

मी विचारलं, “ही कोण?”

मुलगी म्हणाली, “ही कुणीच नाही काकू. ही सगळ्या आज्या आहे.”

“ही गयाबाई आहे,” मी म्हटलं. ती गोड हसली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली, सुरकुत्यांमधून श्रम कसे व्यक्त झालेत त्याकडे.

मला सुरकुत्या दिसतच नव्हत्या. मी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली. भिंत सपाट होती. एकही खिडकी नव्हती. जिथे जिथे ती असायला हवी तिथे सिमेंटचा पत्रा ठोकून, कडा लिंपून वर रंग दिलेला होता. आणि चेहऱ्याच्या डाव्या अंगाला त्यांनी एक खिडकी रंगवली होती. निळी दारं, सताड उघडी, बोगनवेल, चौकटीवर पोपट. आमच्या सोसायटीच्या बाया त्या रंगवलेल्या खिडकीखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या.

त्यांना तिथेच सोडून मी बोळात शिरले. गयाबाईच्या घराचा जिना मला डोळे मिटून चढता येतो. वर सकाळच्या वेळी ट्यूबलाइट चालू, पंखा गरम हवाच घुसळत होता. कोपऱ्यात तिची सून सुजाता तोंडाला मास्क लावून पडली होती आणि खोकत होती. त्या खोकल्याची ओळख मला कुणी करून द्यायची गरज नव्हती. तिची लहानगी मुलगी पलीकडे झोपली होती, त्याच खोलीत, कारण दुसरी खोलीच नाही.

“या शिस्टरबाई,” गयाबाई म्हणाली. “भायेर माझं थोबाड बगितलं का?”

तिने मला सगळं सांगितलं. पोरं आली, त्यांनी उंबऱ्यावर बसवलं, आजी हसा म्हणाली. हस म्हणून तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, तर ती हसली. नथ आणि कुंकू मागून त्यांनी आपल्या मनानं घातलं. “मालक जाऊन किती वर्सं झाले. आन् ह्यांनी मला भितीवर सवाष्ण करून ठिवलं. बाया हसतेत मला.” खिडक्यांना पत्रे ठोकताना सांगितलं होतं की चित्राला सलग भिंत लागते, थोडे दिवस कळ काढा. ते थोडे दिवस अजून चालूच होते. मध्यंतरी सुजाताला, ती चाकणला पॅकिंगला जायची, ताप आणि खोकला सुरू झाला आणि तपासणीत निघाला तो गोळ्यांना दाद न देणारा टीबी. लांबलचक उपचार, आणि असा रोगी घरात म्हणजे वारा खेळता पाहिजे, हे मला कुठल्याही डॉक्टरने सांगायला नको.

मी म्हटलं, मग तो पत्रा अजून काढला का नाही? गयाबाईचा मुलगा सिद्धार्थ, चाकणलाच फॅब्रिकेशनमध्ये, म्हणजे पत्रे-लोखंड कापायच्या-जोडायच्या कामात, कंत्राटावर आहे, तो दारात उभा होता. उत्तर गयाबाईने दिलं.

“चित्र हाय तवर घर हाय, बाई. आदी दर सालाला नोटीस यायची, रूळाजवळची घरं काढनार म्हनून. चित्र झाल्यापून आली नाई. सायब लोक पाव्हने घेऊन येतेत, मंग पाडतीन कसे? आता त्याला भोक पाडावं तर सगळी भितच जायची.”

तिचा हिशोब चूक नव्हता. त्या भिकार कुंकवाच्या बदल्यात तिने घर वाचवलं होतं, आणि आता तेच घर तिच्या सुनेच्या छातीवर बसलं होतं.

मी रंगवाटेच्या ऑफिसात गेले. वस्तीच्याच तोंडाशी एक गाळा, आत कॉफीचं यंत्र. मुख्य कलावंत दाढीवाला, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने माझं सगळं अतिशय अदबीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, खिडकी आम्ही ठेवलीच आहे ना. फक्त ती कल्पनेतली आहे.” मी म्हटलं, बाळा, कल्पनेतला वारा फुफ्फुसात जात नाही. तो म्हणाला, चेहऱ्याला भोक पाडलं तर कलाकृतीचा अर्थच बदलेल, आणि लवकरच शहर सुशोभीकरणाच्या पाहणीला पथक येणार आहे. तरी तो वर कळवेल. वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. मला तेवढ्या वर्षांच्या नोकरीने कळवणं म्हणजे काय ते शिकवलेलं आहे.

मग प्रभाग कार्यालय. ते म्हणाले, टीबीचा विषय आहे, आरोग्याकडे जा. मग आरोग्य, म्हणजे माझंच जुनं ऑफिस. नव्या साहेबांनी चहा पाजला, माझ्या सेवेबद्दल चार चांगले शब्द बोलले आणि म्हणाले, हा बांधकामाचा विषय आहे, प्रभागाकडे जा. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर पोस्टर होतं, ‘घर हवेशीर ठेवा’. ते मीच लावून घेतलं होतं. चहा मी अर्धाच टाकून उठले.

घरी आले आणि माळ्यावरून ती चौकड्याची चादर काढली. चार साड्या बांधल्या, गाठोडं काखेला मारलं आणि भाऊंच्या संपर्क कार्यालयात गेले. रंगवाटेच्या कमानीची फीत त्यांनीच कापली होती, फोटो मागे लावलेला. समोर कार्यकर्ते बसलेले. मी नमस्कार केला आणि गाठोडं त्यांच्या टेबलावर ठेवलं. भाऊ गाठोड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

मी गयाबाईची हकीकत सांगितली. भाऊ म्हणाले, “बाई, तुमी हितं आलाच न्हाई आन् मी काय ऐकलं न्हाई. खिडकी फुटली तर मला दिसायची न्हाई. पर वरचं सायब काय करत्याल, त्ये माज्या हातात न्हाई.” मग गाठोडं स्वतः उचलून माझ्या हातात दिलं. निघताना मी थांबून त्यांना सांगितलं की मी तोंड उघडणारी बाई नाही, हे गाठोडं नुसतं आठवण म्हणून आणलं होतं. “ठावं हाय,” ते म्हणाले. मला त्यांचा तितका राग राहिला नाही. घाबरलेला माणूस निदान खरं बोलतो.

तर एवढंच हाती आलं होतं. एका माणसाला दिसणार नाही, बाकीच्यांचं ठाऊक नाही. ते मी तसंच्या तसं गयाबाईला जाऊन सांगितलं, मीठमसाला न लावता. तिने बराच वेळ मिश्री चोळली. सिद्धार्थ भिंतीला टेकून उभा होता. मग ती म्हणाली, “बाई, तुमी माझ्यासंगट कदी खोटं बोलल्या नाई. खरं सांगा. घर ठिवू का खिडकी?”

मला फार भीती वाटली. माझं काय जाणार होतं? ताथवड्याला आमच्या घराला तीन बाजूंनी खिडक्या आहेत, मी वारा जास्त होतो म्हणून दुपारी त्या लावून घेते. उद्या बुलडोझर आला तर तो माझ्या दारात येणार नव्हता. मी सल्ला देणार आणि रस्त्यावर येणार ती. मी सुजाताकडे पाहिलं. ती मास्कच्या वरून माझ्याकडेच बघत होती, आणि तिची पोरगी तिच्यापासून हातभर अंतरावर पाटीवर रेघोट्या ओढत होती.

“खिडकी,” मी म्हटलं.

गयाबाईने मान हलवली आणि सिद्धार्थला म्हणाली, “ग्राइंडर आन.”

हे लिहीपर्यंत नोटीस आलेली नाही. येणारच नाही असं मी म्हणत नाही. दाढीवाल्याने आधी आदळआपट केली, मग कुणीतरी भोकासकट फोटो काढून फोनवर पसरवला, लोकांनी वाहवा केली, तेव्हा तो म्हणू लागला की ही कलाकृतीची पुढची पायरी आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. गयाबाईच्या मागोमाग शेजारच्यांनीही पत्रे काढले. भिंतीला आता देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे पडलेत आणि मला ती फार सुंदर दिसते. पेढे अजून खाल्लेले नाहीत, सुजाताच्या गोळ्या संपायच्या आहेत. सुजाता हे तिचं खरं नाव नाही. गयाबाईचं मात्र खरं आहे. नाव बदलू का म्हणून विचारलं तर म्हणाली, भितीवर तर नाई टाकलं, तुमच्या पुस्तकात तरी येऊ द्या.

आता फक्त पत्रा कापला त्या सकाळचं सांगते. रविवार होता, मी मुद्दाम पुन्हा वॉकला नाव नोंदवलं होतं. तीच मुलगी, तीच पायवाट, माना वर केलेली नवी माणसं. मुलगी सुरकुत्यांपाशी आली आणि आतून ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. चेहऱ्यावर, नथीच्या जरा वर, गालात एक रेघ उमटली. ती खाली आली, आडवी गेली, परत वर गेली. रंगाची भुकटी आमच्या टोप्यांवर पडली. मुलगी बोलायची थांबली. मग पत्र्याचा तुकडा सुटून भिंतीच्या कडेला खाली आदळला आणि गालात काळं चौकोनी भोक उघडलं, मधोमध जुने गज, जसेच्या तसे. आतून सुजाताचा खोकला ऐकू आला आणि सिद्धार्थचं, “सरक, लागंल.”

गजांमागे गयाबाई आली. दोन मजले उंच हसणाऱ्या गयाबाईच्या गालात मुठीएवढी गयाबाई, बिनकुंकवाची, बिननथीची, हातात तांब्या आणि तोंड मिश्रीने काळं. तिने खाली बघितलं. सगळे तिच्याकडे बघत होते, कुणीतरी फोन वर धरला होता. तिने तोंडातलं सांभाळत, हाताने खूण करत सांगितलं, “सरका गं बायांनो, चूळ टाकायचीय.”

सगळ्या मागे सरल्या, ती गोड मुलगीसुद्धा. गयाबाईने तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, खळखळ केलं आणि गजांमधून लांब पिचकारी सोडली. ती मास्टरपीसच्या हनुवटीवरून ओघळत खाली आली. जन्मभर मी त्या बाईला एकच गोष्ट सांगत आले होते, थुंकू नका, गयाबाई, थुंकू नका. तिने माझ्याकडे बघितलं, आता मी रागावणार म्हणून. मी तिला म्हटलं, “अजून एक टाका.”